गाडीची किल्ली आणि अकरावीचा फॉर्म

दर वर्षी दहावीचा निकाल लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घराचा हॉल दोन-तीन आठवडे अकरावी प्रवेशाचं मदत केंद्र होऊन जातो. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते, त्यामुळे ओळखीपाळखीतले पालक ‘मॅडम, जरा पसंतीक्रम बघता का?’ म्हणत येतात. ज्याचा प्रवेश आहे ते मूल सोबत असतंच असं नाही. मागे एकदा एका मुलीचे बाबा आले. लॉगिन आणि पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहिलेला, ओटीपी त्यांच्याच फोनवर येणारा, दहाच्या दहा पसंती आधीच ठरलेल्या आणि दहाही सायन्सच्या. मी विचारलं, ती कुठंय? म्हणाले, ‘खाली आहे, गाडी लावतेय.’ पाच मिनिटांनी ती वर आली, बोटात ॲक्टिव्हाची किल्ली फिरवत. वय पंधरा वर्षं दहा महिने.

मी फॉर्म बघून दिला, चहा केला, ते गेले. ती किल्ली मात्र डोक्यातून गेली नाही. या मुलीने कुठली शाखा घ्यायची हे तिला विचारलेलंही नव्हतं, आणि संध्याकाळी सात वाजता गोखले रोडच्या गर्दीतून 110 सीसीची गाडी काढायला ती मोकळी होती. शाखा चुकली तर काय होतं, हे मी पंचवीस वर्षं पाहतेय. दिवाळीच्या आसपास सायन्स सोडून आमच्या वर्गात येऊन बसणारी दोन-चार मुलं दर वर्षी असतात. पहिले पंधरा दिवस तोंड पाडून बसतात, मग नावे-जमा जमायला लागतं आणि मागच्या बाकावरून उत्तरं येऊ लागतात. एखादं वर्ष गेलेलीही पाहिली आहेत, आज त्यांतले काही जण सीए आहेत. गाडी चुकली तर काय होतं, तेही ठाणेकरांना सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे. जिथे चूक परवडते तिथे आपण मुलांना निर्णय घेऊ देत नाही आणि जिथे चूक जिवावर बेतते तिथे डोळे मिटून देतो. वर पुन्हा ‘हल्लीची मुलं बेजबाबदार’ असा शेरा मारतो.

जबाबदारी शिकवण्याची आपली पद्धत कोणती, तर भाषण. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो, जो परीक्षा जवळ आली की गणिताचे सर मागून घेतात. रस्ता सुरक्षेचा सप्ताह असतो, त्यात हात पुढे करून शपथ असते आणि ‘वाहतुकीचे नियम पाळा’ यावर निबंध स्पर्धा असते. 2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. ती 17 वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा अख्खा देश संतापला, आणि बरोबरच संतापला. पण मला त्या वेळी थोडं ओशाळल्यासारखंही झालं. आम्ही शिक्षक तरी दुसरं काय करतो? मुलाने काही चुकीचं केलं की कागद पुढे करतो आणि माफीनामा लिही म्हणतो.

भाषणाने हे जमत नाही याचं कारण मुलांना माहिती कमी असते हे नव्हे. हेल्मेट घालावं, सिग्नल पाळावा, ट्रिपल सीट बसू नये, हे आठवीतलं मूल तोंडपाठ म्हणून दाखवेल. 2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला. मधेच सिग्नल पिवळा होतो, थांबायचं की अजून थोडं पुढे रेटायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. एकटी असताना 13 ते 16 वयाची मुलं मोठ्यांपेक्षा फार वेगळी वागली नाहीत. शेजारी मित्र आणून बसवले, तेव्हा त्यांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. प्रौढांच्या शेजारी मित्र बसवून फारसा फरक पडला नाही. ठाण्यातल्या उपवनला किंवा नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री साडेदहाला उभं राहिलात तर हा प्रयोग फुकटात बघायला मिळतो. एकट्याने जाणारा पोरगा सिग्नलला थांबतो. मागे दोघं बसलेली असली की तोच थांबत नाही. त्याला नियम ठाऊक नाही असं कोण म्हणेल?

तेव्हा आधी किल्लीचं बोलू. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. कायदा 16 व्या वर्षी 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायला परवानगी देतो खरा, पण तशी पेट्रोलची गाडी आता शोरूममध्ये बघायलाही मिळत नाही. मुलं चालवतात ती घरातली ॲक्टिव्हा, आईची नाही तर बाबांची. अलीकडे 250 वॉटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणाऱ्या ई-बाइकला परवाना लागत नाही, ही पळवाट सगळ्यांना सापडली आहे. विकत घेतल्यावर तिचा वेग वाढवून देणारेही कोपऱ्याकोपऱ्यावर सापडतात.

पालकांना हे सगळं माहीत असतं. पालकसभेत विषय काढला की एकच उत्तर येतं: ‘मॅडम, क्लास नऊला सुटतो. येणार कसं?’ हे उत्तर मी उडवून लावत नाही. कासारवडवली, ओवळ्याकडून नौपाड्यात क्लासला येणाऱ्या मुलाने टीएमटीची बस किती वेळ बघायची? शेअर रिक्षावाला मीटरने न्यायला तयार नसतो. मेट्रो 4 च्या कामाने वर्षानुवर्षं अरुंद झालेल्या घोडबंदर रोडवर अवजड ट्रेलर चालतात आणि त्यांच्या बाजूने ही मुलं गाडी काढतात. मग यात मुलाचा निर्णय कुठे आला? शहराने बस दिली नाही, क्लासवाल्याने वेळ बदलली नाही, आईबापांनी किल्ली दिली. तिघांचा ठराव मुलाने फक्त अमलात आणला.

हे मी कबूल करून टाकते की माझ्या मुलाला सतराव्या वर्षी किल्ली मीच दिली होती. पाऊस होता, रिक्षा मिळत नव्हती, परीक्षा होती. काही झालं नाही. ‘काही झालं नाही’ या तीन शब्दांवर ठाण्यातल्या किती घरांचा कारभार चालतो!

दहीहंडीतही हेच होतं, फक्त तिथे लाउडस्पीकर असतो. ठाणे म्हणजे हंड्यांची राजधानी. टेंभी नाक्याची हंडी, वर्तकनगरची हंडी, नऊ थर, लाखांची बक्षिसं. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला बंदी केली आणि उंची 20 फुटांवर आणली. 2016 ला सर्वोच्च न्यायालयातही ती मर्यादा कायम राहिली. त्या वर्षी ठाण्यात ती उघडपणे, वाजतगाजत मोडली गेली. 2017 मध्ये राज्य सरकारने 14 वर्षांखालच्या मुलांना सहभागी होऊ देणार नाही असं न्यायालयाला सांगितलं, उंचीचं बंधन गेलं. मला गोविंदा आवडतो. लहानपणी चरईत गॅलरीत उभं राहून पाणी ओतण्यात आमचा दिवस जायचा, आणि सरावाला महिनोन्महिने नियमाने जाणाऱ्या पथकांकडून शिस्त शिकावी असंही मला वाटतं. खालच्या थरातला तिशीतला माणूस खांद्यावर किती वजन घ्यायचं हे जाणून उभा असतो. पण सर्वात वरच्या थरावर वजनाने हलकं पोर लागतं म्हणून चढवलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं काय? त्याला विचारलं तर तो ‘मी चढणार’ असंच म्हणेल. खाली पाच हजार माणसं बघत असताना तो दुसरं काय म्हणणार? मित्र शेजारी बसवलेला तोच प्रयोग हा, पाच हजार पटींनी. असा होकार मोठ्यांनी होकार म्हणून धरू नये.

लोकलच्या दारात लटकणं मात्र मी या यादीत घालत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि काहींचे जीव गेले. त्यानंतर ‘तरुणांनी स्टंट करू नये’ छापाचे संदेश फिरले. सकाळच्या गाडीला दिव्याहून किंवा कळव्याहून चढणाऱ्याला आत शिरायलाच जागा नसते. तिथे जबाबदार निर्णयाचे धडे देणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

आता फॉर्मकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे.

अकरावीचा ऑनलाइन प्रवेश ही निर्णय शिकायला फार चांगली जागा आहे, हे वाचून कुणी हसेल. पण बघा. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीने लावायची. मागच्या वर्षीचे कटऑफ समोर असतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे ‘बघू, नको वाटलं तर सोडू’ असं म्हणून पहिल्या नंबरवर काहीही टाकता येत नाही. जे खरंच हवं तेच वर लिहायचं, जे मिळण्यासारखं आहे ते खाली धरायचं, घरापासूनचं अंतर, फी, अनुदानित तुकडी की विनाअनुदानित, सगळं तोलायचं. पंधरा-सोळाच्या मुलाला पेलेल असं हे ओझं आहे, आणि चुकलं तरी उद्ध्वस्त कोणी होत नाही. हा फॉर्म आपण मुलाच्या हातातून काढून घेतो. काही तर तो स्वतःही भरत नाहीत, सायबर कॅफेवाल्याला शंभर रुपये देतात किंवा क्लासवाल्यावर सोपवतात. ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, या नावाखाली कॉलेजही क्लासच ठरवतो. मूल तिथे फक्त फोटो आणि सहीपुरतं.

सरकारने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. हेतू वाईट नव्हता. पण आमच्याकडे येणारे पालक तो अहवाल कसा वाचायचे? ‘कला’ असा कल आला की कागद ड्रॉवरमध्ये जायचा, आणि ‘तांत्रिक’ आला की लॅमिनेट व्हायचा. मुलाला हा कल पटतो का, हे विचारलेलं मी एकदाही ऐकलं नाही.

पैशाचंही असंच. महिन्याला ठरावीक खाऊचे पैसे देऊन ‘यात भागव’ म्हणणारं घर ठाण्यात आता शोधावं लागतं. पिझ्झा हवा, मागव, बाबांच्या फोनवरून पैसे गेले. नोट हातात येत नाही, संपतही नाही. आणि मग अठरावं लागतं, पॅन कार्ड येतं आणि पहिलं डिमॅट खातं उघडतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 च्या सप्टेंबरमध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेलं. माझे जुने विद्यार्थी भेटतात. त्यांतला एक, ताळेबंदात पैकीच्या पैकी मिळवणारा, एका एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्यांची मुदत संपण्याच्या, दिवशी वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातले साडेतीन लाख घालवून बसला होता. मला म्हणाला, ‘मॅडम, त्याआधी मी पाचशे रुपयेसुद्धा कधी स्वतः ठरवून घालवले नव्हते.’ पाचशे रुपये घालवायची वेळ बारा-तेराव्या वर्षी यायला हवी होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत. किती घरांना हे ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्यांपैकी किती जण पासबुक मुलाच्या कपाटात राहू देतात?

आमच्या सोसायटीत एक गोष्ट घडली, ती सांगते. गणपतीतल्या मुलांच्या कार्यक्रमाची सगळी व्यवस्था मोठेच करायचे. काही वर्षांपूर्वी आमच्या विंगमधल्या एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्यांनी कमिटीत हट्ट धरला की 15 हजार रुपये मुलांच्या हाती द्या, काय करायचं ते करू देत. मुलं चौदा ते सतरा वयाची. त्यांनी 11 हजार साउंड सिस्टिमवर उडवले. उरलेल्यात बक्षिसं आणली. शेवटच्या दिवशी छोट्यांच्या खाऊला काही उरलंच नाही आणि पहिली-दुसरीतली पोरं रिकाम्या हाताने घरी गेली. आयांनी तिथल्या तिथे वर्गणी काढायला सुरुवात केली. ते रेल्वेतले काका आडवे आले. म्हणाले, एक रुपया घालायचा नाही, मुलांनी उद्या घरोघरी जाऊन सांगायचं काय झालं ते. काकांशी दोन घरं तेव्हापासून बोलत नाहीत. मलाही तो प्रकार जरा कठोर वाटला होता. मुलं गेली मात्र, एकेका दारात उभी राहिली, काही ठिकाणी बोलणी खाल्ली. पुढच्या वर्षी त्यातलीच एक मुलगी माझ्याकडे आली, रोख पुस्तक कसं लिहायचं विचारायला. अकरावीचा जो धडा मी वर्गात शंभर वेळा शिकवते तो तिने वीस मिनिटांत घेतला. साउंडवाल्यांची तीन कोटेशनं आणली, सर्वात स्वस्त नाकारलं आणि का नाकारलं तेही वहीत लिहिलं.

त्या मुलांमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षात काय बदललं? कुणी व्याख्यान दिलं नव्हतं. पैसे खरे होते, ठरवणं त्यांचं होतं, आणि परिणाम त्यांना स्वतःच्या पायांनी जाऊन बघावा लागला. तोटा मात्र खाऊच्या पुड्यांएवढाच होता. यांतलं एक काढून टाका, शिकणं थांबतं. काकांनी पैसे घातले असते तर मुलं एवढंच शिकली असती की आया भरून देतात.

शाळा-कॉलेजांत अशा जागा आपण पद्धतशीर बंद केल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थी मंडळाच्या खुल्या निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका आल्या. हाणामाऱ्या व्हायच्या, खूनही झाले, ते कारण खोटं नव्हतं. 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, पण कागदावरच. म्हणजे कॉलेजातला मुलगा अठराव्या वर्षी खासदार निवडू शकतो, वर्ग प्रतिनिधी मात्र नाही. नगरसेवकाचंही तेच झालं. नवी मुंबई महापालिकेची मुदत 2020 च्या मे महिन्यात संपली, ठाण्याची 2022 च्या मार्चमध्ये, आणि त्यानंतर 2026 च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. 2020 ला अठरा पूर्ण झालेल्या वाशीतल्या किंवा नेरूळमधल्या मुलीने आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल, बसबद्दल मत द्यायचं कधी? पहिली बोटाची शाई थेट लोकसभेची, जिथे तिचं मत लाखांत एक. घराजवळचं, चुकलं तर पुढच्या पावसात डोळ्यांना दिसेल असं मत तिला पाच वर्षांहून जास्त काळ मिळालं नाही.

एक आक्षेप मला नेहमी अडवतो. ‘चूक परवडते’ असं मी सहज म्हणते, पण कुणाला परवडते? नौपाड्यातल्या घराला एक वर्ष गेलं तर चालतं. लोकमान्यनगर, दिघा किंवा तुर्भ्याच्या वस्तीतून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला ते चालत नाही. वर्ष गेलं की तो डिलिव्हरीच्या गाडीवर जातो आणि परत येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. एवढं बघितलंय की ही मुलं निर्णयात आमच्या मुलांपेक्षा तरबेज असतात. केटरिंगला जाऊन आलेले पैसे घरी किती द्यायचे, फीला किती ठेवायचे, धाकटीला कुठल्या शाळेत घालायचं, हे ती चौदाव्या वर्षापासून ठरवतात. त्यांना सराव नव्हे, दुसरी संधी हवी असते. शिष्यवृत्ती वेळेवर येणं, नापास झाल्यावर पुन्हा प्रवेश घ्यायला आल्यास कुणी हाकलून न देणं, संध्याकाळचं कॉलेज बंद न पडणं, हे त्यांच्यासाठी ‘चूक परवडणं’ आहे. ते आईबापांच्या हातात नसतं. आमच्या कॉलेजच्या आणि शिक्षण खात्याच्या हातात असतं, आणि तिथे आमचा स्वतःचाच निकाल चांगला नाही.

मोठ्यांना निर्णय सोडवत नाही, याचं एक कारण मला वाटतं की मूल चुकलं तर लोक आपल्याला नावं ठेवतील ही भीती असते. शाखा, मार्क, कॉलेज हे नातेवाइकांना सांगायचं असतं. गाडीवरून पोर क्लासला जातं हे कुणाला सांगायचं नसतं, त्यामुळे तिथे हात सैल सुटतो.

परवा सोसायटीची मीटिंग झाली. मुलांनी या वर्षी 25 हजार मागितले आहेत, लेखी अर्ज दिलाय, सोबत मागच्या तीन वर्षांचं रोख पुस्तक. एक सदस्य उठले. म्हणाले, रक्कम मोठी आहे, मुलं अजून लहान आहेत, चुकलं तर जबाबदार कोण? बराच वाद झाला आणि विषय पुढच्या रविवारवर गेला. आम्ही खाली उतरलो तर त्यांचा अकरावीतला मुलगा गेटातून गाडी आत घेत होता, मागे दोन मित्र, हेल्मेट एकालाही नाही. ‘सावकाश रे,’ ते म्हणाले, आणि लिफ्टकडे वळले.